खाऱ्या हवेतील छायाचित्रकार आणि दोन लॅपटॉप : एक आढावा

मालाड स्थानकाच्या पश्चिमेस उतरून मार्वेच्या धक्क्यावर यावे, तेथून फेरीबोटीने खाडी ओलांडावी, आणि पलीकडच्या तीरावर पाय ठेवताच मुंबई महानगरपालिकेची हद्द न सोडताही महानगर मागे राहिल्याचा प्रत्यय यावा, अशी मनोरी गावाची स्थिती आहे. कोळ्यांच्या होड्या, उन्हात सुकत घातलेले बोंबील, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरे, गावठाणातील क्रूस, नारळीपौर्णिमेस सजणाऱ्या नौका, आणि शनिवार-रविवारी लग्नापूर्वीची छायाचित्रे काढून घेण्यासाठी समुद्रकाठी येणारी शहरातील जोडपी, एवढी सामग्री जेथे एकवटली आहे तेथे छायाचित्रणाचा छंद आणि त्यापाठोपाठ त्याचा व्यवसाय रुजावा यात नवल नाही. परंतु कॅमेरा हाती आला म्हणजे छायाचित्रकाराचे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम ज्या यंत्रावर व्हावयाचे त्या यंत्राची निवड हा आज अशा घरांपुढचा खराखुरा प्रश्न आहे, आणि तो बाजारात केला जातो तितका सोपा नाही.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम निश्चित करून घेणे इष्ट होईल. ज्याच्याजवळ केवळ छायाचित्रांच्या संस्करणासाठी स्वतंत्र मेजसंगणक आहे त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. आणि ज्याला केवळ पत्रे लिहावयाची, विजेचे देयक भरावयाचे व चित्रपट पाहावयाचे आहेत त्याला कोणताही मध्यम प्रतीचा लॅपटॉप पुरेसा आहे. येथे विचार करावयाचा तो तिसऱ्या प्रकारच्या मनुष्याचा, म्हणजे घरात एकच यंत्र घेऊ शकणाऱ्याचा, की जे यंत्र रात्री लग्नाच्या दोन हजार चित्रांची निवड व रंगदुरुस्ती करील, आणि सकाळी त्याच घरातील मुलीचा अभ्यास, वडिलांचे मालमत्ता पत्रक व आईचा दूरदेशीच्या नातलगांशी संवाद यांच्या सेवेस हजर राहील. अशा मनुष्यापुढे लाख रुपयांच्या आसपास जी दोन यंत्रे बहुधा येऊन उभी राहतात त्यांत एक ॲपलचा मार्च २०२५ मध्ये आलेला एम-४ चिपचा तेरा इंची मॅकबुक एअर, आणि दुसरा असूसचा झेनबुक १४ ओएलईडी, हा इंटेलच्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरचा, ज्या प्रोसेसरांची मालिका डिसेंबर २०२३ मध्ये बाजारात आली. याच दोहोंचा तौलनिक विचार करण्याचे या लेखात योजिले आहे. तथापि ज्या कसोट्या येथे लाविल्या आहेत त्या पुढे येणाऱ्या नव्या नमुन्यांसही लावता येतील, अशी माझी धारणा आहे.

चित्र काढून झाल्यावर त्यावर हात फिरविणे हा संगणकयुगाचा शोध आहे असा एक समज आढळतो, आणि त्यापायी संस्करणाच्या यंत्रावर पैसे खर्च करणे म्हणजे चैन होय असे घरातील वडीलधाऱ्यांस वाटते. मुंबईच्याच इतिहासाने हा समज खोटा ठरविला आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी होत. त्याच मंडळीतील विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या चित्रांचा जो संग्रह १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला, त्यातील अनेक चित्रांत माणसे एका जागी टिपलेली आणि त्यांच्या मागची पार्श्वभूमी दुसऱ्या जागी टिपलेली असून दोन्ही काचपट्ट्या एकत्र आणून एक चित्र सिद्ध केलेले आहे. म्हणजे आज ज्यास आपण लेयर म्हणतो त्याची जुळणी या शहरात दीडशे वर्षांपूर्वीच होत होती. बदलले आहे ते अंधाऱ्या खोलीचे साहित्य. त्या खोलीची जागा आता लॅपटॉपने घेतली आहे, आणि म्हणूनच तो निवडताना, त्या काळचा छायाचित्रकार ज्या काळजीने रसायने व काचा निवडीत असे, तीच काळजी आपण दाखविली पाहिजे.

संस्करणाचे काम यंत्राकडून चार गोष्टींची अपेक्षा करते : विश्वासू पडदा, पुरेशी रॅम, प्रशस्त व वेगवान साठवण, आणि प्रोसेसरची ताकद. दुकानातील विक्रेता हा क्रम बरोबर उलटा सांगतो, कारण प्रोसेसरचे नाव व त्याचा आकडा जाहिरातीत ठळक छापता येतो. परंतु छायाचित्रकाराच्या दृष्टीने पहिला मान पडद्याचाच होय. पडद्याने रंग चुकीचा दाखविला तर बाकीच्या तीनही गोष्टी त्या चुकीलाच अधिक वेगाने कागदावर नेऊन पोचवतात, हे या सर्व विवेचनाचे मूळ सूत्र मानावे.

तेव्हा प्रथम पडद्याकडे वळू. रंगांच्या व्याप्तीचे जे मोजमाप सर्वत्र पायाभूत धरले जाते ते एसआरजीबी हे १९९६ च्या सुमाराचे. त्याहून विस्तृत असे पी-३ हे परिमाण डिजिटल सिनेमाच्या गरजेतून पुढे आले. हा भेद केवळ पांडित्याचा नाही. कोळी नवरीच्या लुगड्याचा गर्द लाल, हळदीचा पिवळा, होड्यांवरील निळा-हिरवा तैलरंग हे सर्व रंग इतके संपृक्त असतात की एसआरजीबीच्या मर्यादेत त्यांच्या सूक्ष्म छटा एकमेकींत मिसळून एकच सपाट डाग दिसू लागतो, आणि लुगड्याची वीण व घडी नाहीशी होते. पी-३ व्याप्तीचा पडदा असला तर ती वीण निदान संस्कर्त्याच्या डोळ्यांस दिसते, आणि मग एसआरजीबीत उतरविताना ती कितपत राखावयाची याचा निर्णय तो जाणतेपणाने घेऊ शकतो. सुदैवाने येथे दोन्ही यंत्रे पुरी पडतात : दोहोंचे पडदे पी-३ व्याप्तीचे आहेत. मॅकबुकचा पडदा १३.६ इंचांचा, २५६० गुणिले १६६४ बिंदूंचा व ५०० निट उजेडाचा आहे. झेनबुकचा १४ इंचांचा, वरच्या पर्यायात २८८० गुणिले १८०० बिंदूंचा, सामान्य वापरात सुमारे ४०० निटांचा आहे. बिंदूंचा हिशेब केला तर पहिल्यावर सुमारे ४३ लाख व दुसऱ्यावर सुमारे ५२ लाख बिंदू होतात. २४ मेगापिक्सेलचे चित्र दोहोंवरही संपूर्ण आकारात मावत नाही, सबब हा फरक निर्णायक मानण्याचे कारण नाही.

निर्णायक ठरतात ते दोन निराळेच मुद्दे. पहिला असा की झेनबुकच्या ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो व स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग निखालस काळा दिसतो; रात्रीच्या मिरवणुकीत मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेल्या चेहऱ्यांच्या सावल्या त्यावर जितक्या खोल दिसतात तितक्या मॅकबुकच्या मागून उजळणाऱ्या पडद्यावर दिसत नाहीत. हे ओएलईडीचे वैभव निर्विवाद आहे. परंतु छापील अल्बम हाच ज्याच्या कामाचा शेवट आहे त्याने ध्यानात ठेवावे की कागदावरील काळी शाई कधीच इतकी काळी नसते, आणि पडद्यावरील खोलीला भुलून सावल्या तशाच ठेवल्या तर प्रयोगशाळेतून येणारा अल्बम अंधारलेला येतो. शिवाय संस्करणाच्या प्रणालीतील अवजारांच्या पट्ट्या दिवसेंदिवस त्याच जागी स्थिर राहिल्याने ओएलईडी पडद्यावर त्यांचा पुसट ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. निर्मात्याने तो टाळण्यासाठी योजना केलेल्या आहेत, तथापि रोज आठ-दहा तास एकाच प्रणालीत काम करणाऱ्याने हा धोका हिशेबात धरणे शहाणपणाचे.

दुसरा मुद्दा रंगव्यवस्थेचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. पडद्याची व्याप्ती विस्तृत असणे एक, आणि प्रत्येक चित्र त्याच्या नेमक्या व्याप्तीत दाखविणे दुसरे. मॅकची प्रणाली हे काम सर्वत्र आपण होऊन करते. चित्र एसआरजीबीचे असेल तर ते कोणत्याही खिडकीत बहुधा एसआरजीबीसारखेच दिसते. विंडोजमध्ये फोटोशॉप, लाइटरूम यांसारख्या जाणत्या प्रणाली रंग अचूक सांभाळतात, परंतु इतर कित्येक साध्या प्रणाली एसआरजीबीचे रंग विस्तृत पडद्यावर ताणून दाखवितात, आणि मग तेच चित्र एका खिडकीत सौम्य व दुसरीत भडक दिसल्याने नवशिक्याचा गोंधळ उडतो. असूसने त्यावर उपाय म्हणून पडदा एसआरजीबी, डीसीआय-पी ३ किंवा डिस्प्ले पी-३ यांपैकी एका व्याप्तीत बांधून ठेवण्याची सोय दिलेली आहे. ती माहीत असली आणि रोजच्या कामात पाळली तर अडचण राहत नाही. सारांश, झेनबुकचा पडदा अधिक दिमाखदार, मॅकबुकचा अधिक सरळमार्गी.

कोणतेही यंत्र घेतले तरी कॅलिब्रेटर नावाचे छोटे उपकरण पडद्यावर टेकवून रंगांची पडताळणी करण्याची वहिवाट ठेवावी, आणि छपाईसाठी काम करताना पडद्याचा उजेड सुमारे १०० ते १२० निटांवर आणावा. प्रिंट काळपट आली अशी जी तक्रार छायाचित्रकार प्रयोगशाळेकडे करतात तिचे मूळ अनेकदा प्रयोगशाळेत नसून संस्कर्त्याच्या अतिप्रकाशित पडद्यात असते. हे उपकरण काही हजारांचे येते व तीन-चार मित्रांत मिळून वापरता येते. लाखाच्या यंत्रावर खर्च करून या हजारांवर काटकसर करणे हे मला अव्यवहार्य वाटते.

यापुढची बाब रॅमची. २४ मेगापिक्सेलचे एक चित्र सोळा-बिट खोलीने फोटोशॉपमध्ये उघडले तर तीन रंगवाहिन्या आणि प्रत्येक बिंदूस दोन बाइट या हिशेबाने एका लेयरला सुमारे १४४ मेगाबाइट जागा लागते. असे दहा लेयर झाले, की केवळ एका चित्रापोटी दीड गिगाबाइटच्या आसपास रॅम खर्ची पडते, आणि त्यावर प्रणालीचा स्वतःचा, पूर्वावस्थांच्या नोंदींचा व सोबत उघड्या असलेल्या ब्राउझरचा भार निराळाच. दोन्ही यंत्रांत चित्रप्रक्रियेचा विभाग प्रोसेसरमध्येच सामावलेला असून तोही याच रॅममधून आपला वाटा उचलतो. म्हणून आठ गिगाबाइटचा पर्याय स्वस्त दिसला तरी त्याकडे वळूच नये. सोळा हे किमान मानावे. मॅकबुक एअर सोळापासूनच सुरू होतो. झेनबुक मात्र आठपासून बत्तीसपर्यंत निरनिराळ्या पर्यायांत येतो, तेव्हा खोक्यावरील आकडा वाचून घेण्याची दक्षता ठेवावी. दोहोंतही रॅम मुख्य फलकावर कायमची जडविलेली आहे; आज जितकी घ्याल तितकीच यंत्राच्या अखेरपर्यंत राहील.

साठवणीच्या बाबतीत मात्र दोहोंत मूलभूत भेद आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल सुमारे २५ ते ३० मेगाबाइटची धरली, तर लग्नातील दोन हजार चित्रांस पन्नास ते साठ गिगाबाइट लागतात. २५६ गिगाबाइटच्या यंत्रात प्रणाली व कार्यक्रम यांची जागा वजा जाता दोन-तीन लग्ने मावतील, आणि चौथ्याच्या वेळी ऐन घाईत काय पुसावे याची विवंचना सुरू होईल. अशा विवंचनेतच चुकीचा फोल्डर पुसला जातो. म्हणून ५१२ गिगाबाइटखाली जाऊ नये. मॅकबुकमधील साठवण खरेदीच्या वेळी ठरते ती कायम, नंतर वाढविता येत नाही, आणि २५६ वरून ५१२ वर जाण्यास भारतात मोठी रक्कम मोजावी लागते : २०२५ साली त्याची आरंभीची किंमत ९९,९०० रुपये होती, तर ५१२ गिगाबाइटच्या प्रतीची १,१९,९०० रुपये. झेनबुकमधील साठवणीचे कार्ड काढून मोठे बसविता येते. जाणत्या तंत्रज्ञाच्या हातून हे काम थोड्या वेळात होते. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे, म्हणजे नाताळ ते मे या लग्नसराईत जो कमावतो आणि पावसाळ्यात ज्याच्याकडे काम थोडे असते, त्याच्या दृष्टीने आज कमी घेऊन पुढे वाढविण्याची ही मुभा मोलाची आहे, आणि झेनबुकच्या पारड्यात ती निःसंशय पडते.

प्रोसेसरविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण दोन्ही यंत्रे चित्रांच्या कामास पुरून उरतात. ॲपलने स्वतःच्या चिपा २०२० च्या नोव्हेंबरात आणल्या, आणि फोटोशॉप व लाइटरूम यांनी २०२१ पर्यंत त्यांच्याशी जुळवून घेतले. तेव्हापासून कमी विजेत अधिक काम ही त्यांची ख्याती टिकून आहे. चित्रातील कणीदारपणा घालविण्याचे जे काम लाइटरूममध्ये २०२३ पासून यांत्रिक बुद्धीच्या साह्याने होते, ते चित्रप्रक्रियेच्या विभागावर फार भार टाकते, आणि दोन्ही यंत्रांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्याने शेकडो चित्रांवर ते चालवावयाचे झाल्यास रात्रभर लावून ठेवण्याचीच तयारी हवी. अपार वेग हवा असणाऱ्याने हे दोन्ही सोडून जड व महाग अशा वेगळ्या वर्गाकडे वळावे. सर्वसामान्य लग्न, वाढदिवस व प्रवासचित्रण यांसाठी त्याची गरज नाही.

ज्यांना फोटोशॉप-लाइटरूमच्या दरमहा वर्गणीचे ओझे नको आहे त्यांच्यासाठी डार्कटेबल, रॉथेरपी व गिंप ही विनामूल्य साधने दोन्ही यंत्रांवर चालतात. ती शिकणे कष्टाचे असले तरी फळ उत्तम येते. गावातील होतकरू विद्यार्थ्याने त्यांवर हात बसविणे हा अप्रतिष्ठेचा मार्ग मुळीच नव्हे.

आता खुद्द मनोरीचा मुद्दा, जो दुकानातील तुलनापत्रकात कधीच छापलेला नसतो. समुद्रकाठच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण तरंगत असतात, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की हे कण हवेतील पाणी ओढून घेऊन द्रवरूप होतात. विजेच्या फलकावर बसलेला असा थेंब म्हणजे विद्युत्प्रवाहास मोकळी झालेली आडवाट होय. जून ते सप्टेंबर मुंबईच्या किनाऱ्यावर ही मर्यादा जवळजवळ रोज ओलांडली जाते. झेनबुकमध्ये उष्णता बाहेर फेकण्यासाठी पंखा आहे, म्हणजे तो बाहेरची हवा आत ओढून तप्त धातूच्या पापुद्र्यांवरून नेतो, आणि त्या हवेबरोबर मीठ व धूळही आत जातात. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. त्यामुळे दीर्घकाळ भारी काम चालले की तो स्वतःचा वेग आवरून घेतो, ही त्याची मर्यादा खरी. परंतु खाडीकाठच्या घरात हीच मर्यादा संरक्षणाचे काम करते, कारण त्याच्या पोटात हवेचा सक्तीचा प्रवाह फिरत नाही. ॲपलने त्याच्या वापरासाठी ठरविलेली मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सियस तपमानाची आणि दव न धरता ९० टक्क्यांपर्यंत आर्द्रतेची आहे; मनोरीतील मे महिन्याची दुपार आणि जुलैची पहाट या दोन्ही मर्यादांच्या अगदी लगत येतात, हे विसरून चालणार नाही.

यातून काळजीचे काही नियम सहज निघतात, व ते दोन्ही यंत्रांस सारखेच लागू आहेत. वातानुकूलित खोलीत थंड झालेले यंत्र एकदम अंगणात नेऊन उघडू नये, कारण थंड धातूवर दव धरते; पिशवीतच काही वेळ ठेवून ते बाहेरच्या हवेशी जुळू द्यावे. फेरीबोटीत प्रवास करताना पिशवीच्या आत आणखी एक जलरोधक आवरण असावे. काम नसेल तेव्हा सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद डब्यात किंवा कॅमेऱ्याच्या कोरड्या कपाटात यंत्र ठेवावे, पुड्या ओलावल्या की गरम करून पुन्हा वापराव्यात, आणि झेनबुक असल्यास वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, जाणकाराकडून पंखा साफ करवून घ्यावा. पाण्याने किंवा गंजाने झालेले नुकसान साध्या हमीत बहुधा बसत नाही. सबब अपघाती नुकसानाची वाढीव हमी घेण्याचा विचार इतर ठिकाणी ऐच्छिक असला तरी येथे मी तो आवश्यक मानतो. दुरुस्तीसाठी यंत्र न्यावयाचे म्हणजे खाडी ओलांडून मालाड-बोरिवलीकडे, नाही तर उत्तनमार्गे भाईंदरच्या लांबच्या वळशाने जावयाचे. तेव्हा बिघाड टाळणे हीच येथे खरी किफायत आहे.

दैनंदिन वापराच्या अंगाने पाहता झेनबुकची बाजू अधिक सबळ होते. सरकारी कचेऱ्यांशी व्यवहार करताना लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, लहान व्यापाऱ्याचे टॅली, जुन्या श्रीलिपीत टंकलेखन केलेले संस्थेचे इतिवृत्त, शाळेने सुचविलेला एखादा विंडोजपुरता कार्यक्रम, ही सर्व कामे विंडोजवर विनासायास होतात. मॅकवर त्यांपैकी काही होतात, काहींसाठी खटपट करावी लागते, तर काही होतच नाहीत. युनिकोड मराठी दोन्हींवर उत्तम चालते, तेव्हा आजच्या लेखनाची अडचण कोठेच नाही. जोडणीच्या छिद्रांचाही विचार करावा : मॅकबुकला चार्जिंगच्या स्वतंत्र जागेखेरीज दोनच थंडरबोल्ट छिद्रे आहेत व तीही एकाच बाजूस, तर झेनबुकला दोन थंडरबोल्ट, एक जुन्या धाटणीचे यूएसबी आणि एक एचडीएमआय आहे, त्यामुळे पेनड्राइव्ह किंवा दिवाणखान्यातील टीव्ही सरळ जोडता येतो. छायाचित्रकाराची खरी गैरसोय मात्र दोघांनीही सारखीच केली आहे. कॅमेऱ्यातील एसडी कार्ड घालण्यास दोहोंतही जागा नाही, व कार्ड रीडर निराळा घ्यावाच लागतो.

वजन दोहोंचे जवळजवळ एकच, मॅकबुकचे १.२४ किलो व झेनबुकचे सुमारे १.२ किलो. बॅटरी झेनबुकची ७५ वॅट-तासांची व मॅकबुकची ५३.८ वॅट-तासांची, परंतु मॅकबुकची चिप इतकी काटकसरी आहे की लहान बॅटरीवरही तो दिवस निभावून नेतो, आणि चार्जर लावलेला नसताही त्याचा वेग कमी होत नाही. पावसाळ्यात वीज गेली असता किंवा दिवसभर बाहेर काम असता हा गुण उपयोगी पडतो.

पैशाचा हिशेब मांडताना केवळ यंत्राची किंमत लिहून थांबणे ही चूक फार ठिकाणी होते. खर्चाच्या यादीत यंत्र, कार्ड रीडर, कॅलिब्रेटर, वाढीव हमी, आणि निदान दोन बाह्य डिस्का एवढ्या बाबी प्रथमपासून धराव्यात. जीएसटीखाली नोंदणी केलेल्या व्यावसायिकास लॅपटॉपवरील १८ टक्के कराची वजावट मिळू शकते, यास्तव पावती व्यवसायाच्या नावावर घेण्यास विसरू नये. ही सर्व यादी मांडून झाल्यावर जर असे दिसले की मॅकबुकची ५१२ गिगाबाइटची प्रत घेतल्यावर डिस्कांसाठी पैसे उरत नाहीत, तर मॅकबुक सोडून द्यावा आणि झेनबुक किंवा त्याहूनही स्वस्त यंत्र घ्यावे. परंतु डिस्का सोडू नयेत. याचे कारण पुढील परिच्छेदात येईल.

यंत्र पाच-सहा वर्षांत जुने होते. चित्र जुने होत नाही, उलट त्याचे मोल चढते. मनोरी-गोराई-उत्तनचा हा पट्टा आज बदलाच्या उंबरठ्यावर उभा आहे. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा महापालिकेचा प्रकल्प मनोरीतच व्हावयाचा ठरला आहे, गोराईस २००९ साली विपश्यनेचा विशाल पॅगोडा उभा राहिला, आणि जुनी घरे पाडून नवी बांधण्याचा ओघ थांबणारा नाही. पंचवीस वर्षांनी येथील मासे सुकविण्याच्या मांडण्या, ईस्ट इंडियन लग्नातील उंबराचे पाणी आणण्याची मिरवणूक, आजीच्या अंगावरील दागिन्यांची घडण यांचा दस्तऐवज कोणाकडे असेल, तर तो आजच्या गावच्या छायाचित्रकाराच्या डिस्कवर असेल. आणि ती डिस्क एकच असेल व तिच्यावर खारी हवा बसली असेल, तर तो कोणाकडेही नसेल. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रसृत केलेला नियम असा की प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी. मनोरीकराने ही तिसरी प्रत खाडीपलीकडे, मालाड किंवा बोरिवलीत राहणाऱ्या नातलगाकडे ठेवावी. एकच पूर किंवा एकच आग दोन्ही तीरांवर पोचण्याचा संभव फार थोडा.

या सर्व विचाराअंती माझा कौल असा. ज्याच्या घरचे कोणतेही महत्त्वाचे काम केवळ विंडोजवर अडून बसलेले नाही, आणि सोळा गिगाबाइट रॅम व ५१२ गिगाबाइट साठवणीची प्रत घेऊन शिवाय दोन बाह्य डिस्का घेण्याइतकी ज्याची ऐपत आहे, त्याने मनोरीसारख्या खाऱ्या हवेत एम-४ चा मॅकबुक एअर घ्यावा. पंखारहित रचना, सर्वत्र सारखी रंगव्यवस्था व विजेची काटकसर या तीन गुणांमुळे तो तेथे अधिक निभावेल. ज्याच्या घरात टॅली, डिजिटल स्वाक्षरी किंवा जुनी मराठी टंकव्यवस्था यांवाचून चालत नाही, अथवा ज्याला साठवण पुढे हप्त्याहप्त्याने वाढवावयाची आहे, त्याने सोळा गिगाबाइट रॅमचा झेनबुक १४ ओएलईडी निःशंकपणे घ्यावा, पडदा एसआरजीबीत बांधून छपाईचे काम करावे, आणि दर वर्षी पंखा साफ करून घ्यावा. त्याच्या चित्रांत यत्किंचितही न्यून राहणार नाही. आणि दोहोंपैकी काहीही घेतले तरी वाचकांस एकच आग्रहाची विनंती आहे : नव्या यंत्रावर पहिले चित्र उघडण्यापूर्वी आपल्या आजवरच्या सर्व चित्रांची दुसरी प्रत करा, तिसरी प्रत या आठवड्यातच खाडीपलीकडे पोचवा, आणि मगच रंगदुरुस्तीला बसा.